महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील आपल्या फाइली

बेंगळुरूच्या दक्षिण भागात जयनगर आणि उत्तरेस हेब्बाळपलीकडे कृषी विज्ञान विद्यापीठाचा जीकेव्हीके परिसर. या दोहोंच्या मध्ये जवळपास संपूर्ण शहर पसरलेले आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेद्वारे महाराष्ट्रातील विद्यार्थीही पदव्युत्तर शिक्षणासाठी या शहरात येतात. त्यांपैकी एखाद्याचे बिऱ्हाड जयनगरात असेल, तर दिवसा प्रयोगशाळेत संगणकावर चढवलेली आकडेवारी रात्री घरी उघडण्याची गरज त्याला हमखास भासते. फाइल तर महाविद्यालयाच्या सर्व्हरवर असते आणि घरच्या संगणकाला तो सर्व्हर दिसतच नाही. राहुरी, अकोला, परभणी वा दापोली येथील विद्यार्थ्यांची आणि कृषी विज्ञान केंद्रांतील विषय विशेषज्ञांची अडचण याहून फारशी वेगळी नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. खरीप हंगाम सरला की त्याच पावसातील, त्याच वाणाच्या, त्याच शेतकऱ्याच्या वावरातील नोंदी पुन्हा घेता येत नाहीत. हरवलेली फाइल म्हणजे कित्येकदा हरवलेला हंगाम असतो, आणि त्या हंगामासाठी शेतकऱ्याने आपली जमीन व श्रम दिलेले असतात.

सर्व्हरवरील व्यवस्था मुळात साधी आहे. प्रत्येक वापरकर्त्यास एक नाव, एक पासवर्ड आणि ठरावीक क्षमतेचे एक खासगी फोल्डर मिळते. परिसरातील कोणत्याही संगणकावर आपल्या नावाने प्रवेश केला की तेच फोल्डर समोर येते. कारण फाइल त्या संगणकात नसून सर्व्हरवर असते. विद्यापीठांच्या परिसरात ही कल्पना १९८० च्या दशकात रुजली. त्याच दशकात, १९८६ साली, भारतात अर्नेट हे शैक्षणिक जाळे उभारण्यास प्रारंभ झाला. त्यात बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पाच आयआयटी सहभागी होत्या.

घोटाळा होतो तो ‘डेस्कटॉप’वर. प्रयोगशाळेतील संगणकाच्या पडद्यावर ठेवलेली फाइल सर्व्हरवर गेली असे अनेकजण गृहीत धरतात. बहुतेक ठिकाणी ती त्या एकाच यंत्रात राहते, आणि काही प्रयोगशाळांत यंत्र पुन्हा सुरू होताच अशा फाइली आपोआप पुसल्या जातात. म्हणून फाइल जतन करताना आपल्या नावाचा नेटवर्क ड्राइव्ह निवडला आहे ना, हे पाहावे. शंका असल्यास शेजारच्या संगणकावरून प्रवेश करून फाइल दिसते का, ते तपासावे. याहून खात्रीशीर कसोटी नाही.

आता घरून फाइल उघडण्याविषयी. परिसराबाहेरून सर्व्हर दिसत नाही याचे कारण व्यवस्थापकांचा हट्ट नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले, ते विंडोजच्या फाइल-वाटप सेवेतील त्रुटीचा लाभ घेऊनच. त्रुटी दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, असे असंख्य संगणक बाधित झाले. ही सेवा थेट इंटरनेटवर खुली ठेवणे म्हणजे गोदामाचे दार रस्त्यावर उघडे टाकणे होय. योग्य मार्ग व्हीपीएनचा. त्यामुळे घरचा संगणक सुरक्षित, कूटबद्ध मार्गाने परिसराच्या जाळ्यात सामील होतो आणि फोल्डर पूर्ववत दिसू लागते. आपल्या संस्थेत ही सुविधा आहे का, याची चौकशी संगणक कक्षात प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातच करावी.

व्हीपीएनवरून एक्सेलची मोठी फाइल थेट सर्व्हरवर उघडून काम करणे मात्र टाळावे. जोडणी मध्येच तुटल्यास फाइल बिघडू शकते. ती प्रथम आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, काम झाल्यावर नव्या तारखेच्या नावाने परत ठेवावी आणि जुनी प्रत तशीच राहू द्यावी. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरेच अंतिम’ अशी नावे देण्याची आपल्याकडील प्रथा प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात फार महागात पडते.

सर्व्हरवर ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, हा समजही तपासून घ्यायला हवा. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठवणुकीतून सुमारे ७७ टेराबाइट आकारमानाच्या, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या गेल्या. हल्लेखोर कोणी नव्हता. जुन्या नोंदी काढून टाकणारा बॅकअपचा प्रोग्राम चालू असतानाच बदलला गेला आणि त्याने खऱ्या फाइलींवरच हात चालवला. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी ४ गटांची माहिती बॅकअपमधूनही परत आणता आली नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि तेथील नोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले.

याच विचाराने कृषी अनुसंधान परिषदेने ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘कृषी मेघ’ कार्यान्वित केले. परिषदेचे मुख्य माहिती केंद्र नवी दिल्लीतील भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्थेत आहे, तर त्याची आपत्कालीन प्रतिकृती हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी अनुसंधान व्यवस्थापन अकादमीत. ही दोन शहरे वेगवेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रांत येतात, हा या निवडीमागील एक विचार होता. सगळे बियाणे एकाच कणगीत न ठेवणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. विद्यार्थ्याने हेच लहान प्रमाणात करावे: एक प्रत सर्व्हरवर, दुसरी स्वतःच्या संगणकावर, तिसरी घरी ठेवलेल्या बाह्य हार्ड डिस्कवर. ही डिस्क कायम जोडून ठेवू नये, कारण खंडणीखोर सॉफ्टवेअर जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. खिशातील पेनड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे. त्याला साठवण म्हणणे आमच्या मते धाडसाचे ठरेल.

विस्तार कार्यकर्त्यांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. माती परीक्षणाच्या व प्रात्यक्षिकांच्या यादीत शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, मोबाइल आणि क्वचित आधार क्रमांकही असतो. अशी यादी सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्यास विभागातील प्रत्येकास ती वाचता येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी विश्वासाने दिलेली माहिती उघड्यावर ठेवणे योग्य नव्हते. ओळख सांगणारे रकाने वेगळ्या फाइलमध्ये, मर्यादित परवानगीने ठेवावेत आणि विश्लेषणाच्या फाइलमध्ये केवळ क्रमांक वापरावा. शेतकऱ्यांनीही आपली नोंद कोठे व कोणाच्या ताब्यात राहते, हे निःसंकोच विचारावे.

पदवी मिळाल्यावर वा बदली झाल्यावर खाते बंद होते आणि काही काळाने फोल्डरही काढून टाकले जाते. प्रबंध ‘कृषीकोश’ या भांडारात जतन होतो, परंतु त्यात छापलेली कोष्टके असतात; वाफ्यावाफ्याची मूळ नोंद सहसा नसते. म्हणून निरोपापूर्वी मूळ नोंदींची एक प्रत मार्गदर्शकांकडे किंवा केंद्रप्रमुखांकडे सुपूर्द करावी. सोबत एक पान जोडावे: कोणता रकाना काय दर्शवतो, वजन ग्रॅममध्ये की किलोमध्ये, रिकामी चौकट म्हणजे शून्य की नोंदच घेतलेली नाही, पेरणीची तारीख कोणती आणि वाफ्याचे आकारमान किती.