लायपेज २५०: एका लॅबमध्ये नॉर्मल, दुसरीत चौपट! रिपोर्टमधला आकडा रंगावरून ठरतो तरी कसा?

पोटाच्या वरच्या भागात अचानक कळ येते, ती थेट पाठीपर्यंत जाते, उलट्या थांबत नाहीत. कॅज्युअल्टीतले डॉक्टर तपासतात आणि रक्ताच्या चिठ्ठीवर दोन नावं लिहितात: सीरम अमायलेज आणि सीरम लायपेज. काही वेळाने रिपोर्ट येतो. त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि चर्चा सुरू होते. "लायपेज २५०? अरे, आपल्या दादाचंही मागे २५० आलं होतं. डॉक्टर म्हणाले नॉर्मल आहे, घरी जा."

यात दादाचे डॉक्टरही बरोबर असू शकतात आणि आज पेशंटला ॲडमिट करून घेणारे डॉक्टरही. लायपेजच्या काही चाचण्यांमध्ये नॉर्मलची वरची मर्यादा ६० च्या आसपास असते, तर काहींमध्ये ती ३०० पर्यंत जाते. म्हणजे २५० हा आकडा एका लॅबमध्ये चौपट वाढलेला आणि दुसऱ्या लॅबमध्ये अगदी ठीक. यात कुठल्याही लॅबची चूक नाही. हे असं का होतं, ते कळायचं तर लॅबच्या मशीनमध्ये त्या रक्ताचं नेमकं काय होतं ते बघावं लागेल.

पोटातलं एन्झाइम रक्तात का शोधायचं?

जठराच्या मागे आडवं पसरलेलं स्वादुपिंड रोज पाचक रस बनवतं. या रसातलं अमायलेज भात-भाकरीतला स्टार्च तोडतं, लायपेज तेल-तूप तोडतं. हा रस नळीवाटे लहान आतड्यात जातो आणि आपलं काम करतो. रक्तात त्याचा अगदी थोडा अंश असतो.

स्वादुपिंडाला अचानक सूज आली, म्हणजे ॲक्यूट पॅन्क्रिअटायटिस झाला, की त्याच्या पेशींमधून ही एन्झाइम्स रक्तात उतरतात. पित्ताशयातले खडे आणि दारू ही या आजाराची दोन मोठी कारणं. दुखणं सुरू झाल्यावर काही तासांतच रक्तातली पातळी चढते. अमायलेज साधारण ३ ते ५ दिवसांत पुन्हा खाली येतं, लायपेज मात्र ८ ते १४ दिवस वर राहू शकतं. "ॲसिडिटी असेल" म्हणत कोणी चार दिवस घरीच अंगावर काढले असतील, तर अमायलेज नॉर्मल दिसू शकतं आणि लायपेज मात्र चुगली करतं.

वजन नाही, वेग

हिमोग्लोबिन किंवा साखर मोजतात, तेव्हा तो पदार्थ रक्तात किती आहे हे मोजलं जातं: अमुक ग्रॅम, अमुक मिलिग्रॅम. अमायलेज-लायपेजच्या रिपोर्टवर मात्र 'युनिट प्रति लिटर' लिहिलेलं असतं. हे युनिट वजनाचं नाही, कामाचं आहे. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचं रूपांतर करेल तेवढं एन्झाइम म्हणजे एक युनिट. थोडक्यात, रिपोर्टवर एन्झाइमचा वेग छापलेला असतो.

वेग मोजायचा म्हणजे काम द्यावं लागतं. लॅब रक्ताच्या नमुन्याला तोडायला एक पदार्थ देते आणि तो किती भरभर तुटतो ते बघते. पण तुटणं डोळ्यांना दिसणार कसं? तिथे रंग कामाला येतो.

आयोडीनची निळाई

याची सगळ्यात जुनी पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी केलेली असते. स्टार्चच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की गडद निळा रंग येतो, कारण स्टार्चच्या लांब साखळ्या स्प्रिंगसारख्या वेटोळ्या असतात आणि आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसतं. त्यात थोडी लाळ मिसळून काही मिनिटं थांबलं आणि मग आयोडीन टाकलं, तर निळा रंग येत नाही. लाळेतल्या अमायलेजने साखळ्या तोडलेल्या असतात. घास बराच वेळ चावला की भात गोडसर लागतो, तोही याच एन्झाइममुळे.

१९०८ मध्ये युलिउस वोलगेमुट यांनी हीच युक्ती आजार ओळखण्यासाठी वापरली. नमुना पायरीपायरीने पातळ करत जायचा, प्रत्येक नळीत स्टार्च घालायचं, ठरावीक वेळाने आयोडीन टाकायचं आणि निळा रंग कोणत्या नळीपासून परत दिसतो ते बघायचं. १९२९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट एल्मन आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या आजारात रक्तातलं अमायलेज कसं वाढतं हे मांडलं आणि ही तपासणी डॉक्टरांच्या रोजच्या कामात येऊ लागली.

पण डोळ्यांनी रंग ओळखण्यात घोळ असतोच. एकाला 'जांभळट' वाटतं ते दुसऱ्याला 'निळं'. शिवाय बटाट्याचा स्टार्च वेगळा, मक्याचा वेगळा, आणि स्टार्च किती उकळला यावरही उत्तर बदलायचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये यावर एक छान तोड निघाली. न विरघळणाऱ्या स्टार्चला निळा रंग रासायनिकरीत्या बांधायचा आणि त्याची गोळी करायची. अमायलेजने स्टार्च तोडला की निळा रंग सुटून पाण्यात उतरतो. जितकं निळं पाणी, तितकं अमायलेज. फॉरेन्सिक लॅबमध्ये कपड्यावरचा डाग लाळेचा आहे का हे बघायला आजही ही पद्धत वापरतात.

आजचा रंग पिवळा

आता बहुतेक लॅबमध्ये खरा स्टार्च वापरतच नाहीत. त्याऐवजी कारखान्यात बनवलेली, ग्लुकोजचे मोजून ३ किंवा ७ मणी असलेली छोटी साखळी देतात. तिच्या टोकाला एक रेणू अडकवलेला असतो. अडकलेला असेपर्यंत त्याला रंग नसतो, सुटला की तो पिवळा होतो. तीन मण्यांच्या साखळीत अमायलेज हा रेणू थेट सोडवतं. सात मण्यांच्या साखळीत अमायलेज मधे कापतं आणि उरलेलं काम किटमध्येच घातलेलं दुसरं एन्झाइम पूर्ण करतं.

पिवळं द्रावण जांभळा प्रकाश शोषतं. म्हणून मशीन ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश नमुन्यातून पाठवतं आणि किती प्रकाश अडला ते मोजतं. अडलेल्या प्रकाशाचा हा आकडा, म्हणजे ॲब्सॉर्बन्स, रंगीत रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. रेणू दुप्पट, आकडा दुप्पट. गावोगावच्या लहान लॅबमध्ये टेबलावर असणारा सेमी-ऑटो ॲनालायझरही याच तत्त्वावर चालतो.

खरी हुशारी पुढे आहे. मशीन शेवटचा रंग बघत नाही, रंग दर मिनिटाला किती वाढला ते बघतं. समजा सुरुवातीला आकडा ०.३०० होता आणि एका मिनिटाने ०.३२० झाला. वाढ ०.०२०. किटचा गुणक ४००० धरला, तर उत्तर ८० युनिट प्रति लिटर. आता पेशंटला कावीळ आहे, त्याचं सीरम मुळातच पिवळं आहे, म्हणून सुरुवात ०.५०० पासून झाली. मिनिटाने ०.५२० झालं. वाढ तेवढीच, उत्तरही ८०. आधीपासूनचा रंग वजाबाकीत निघून जातो. पित्ताच्या खड्यांमुळे कावीळ आणि पॅन्क्रिअटायटिस एकाच वेळी होऊ शकतात, त्यामुळे ही वजाबाकी फार मोलाची आहे.

तेलाची गोष्ट जरा अवघड

लायपेजच्या तपासणीला बराच काळ कोणी हौसेने हात लावत नव्हतं. १९३२ मध्ये चेरी आणि क्रँडल यांनी दिलेल्या पद्धतीत ऑलिव्ह ऑइलचं दुधासारखं मिश्रण करायचं, त्यात सीरम घालायचं आणि २४ तास ठेवायचं. लायपेजने तेल तोडून सोडलेलं आम्ल मग अल्कली थेंबथेंब घालून, फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग येईपर्यंत मोजायचं. पद्धत चांगली होती. पण कळा येत असलेल्या पेशंटला उत्तर दुसऱ्या दिवशी मिळणार!

आज त्या तेलाच्या जागी चरबीसारखाच एक कृत्रिम रेणू देतात. तो तुटला की लालसर जांभळा रंग सुटतो आणि ५८० नॅनोमीटरच्या आसपास मोजला जातो. स्वादुपिंडाच्या लायपेजला पित्तक्षार असताना काम करायला कोलायपेज नावाचा जोडीदार लागतो, तोही किटमध्येच घातलेला असतो. सगळं काही मिनिटांत होतं.

मात्र सगळ्या कंपन्या हाच रेणू वापरत नाहीत, आणि २५० चं कोडं इथेच सुटतं. एकच माणूस तासाला मेथीच्या किती जुड्या निवडतो आणि लसणाच्या किती पाकळ्या सोलतो, हे दोन आकडे सारखे येणार नाहीत. माणूस तोच, काम वेगळं. तसंच एकच लायपेज वेगवेगळा रेणू वेगवेगळ्या वेगाने तोडतं. तापमानही महत्त्वाचं. आता ३७ अंश सेल्सिअस हे सर्वमान्य आहे, पूर्वी २५ आणि ३० अंशांवरही मोजत. जुन्या फाइलमध्ये कधी 'सोमोजी युनिट' दिसलं, तर ते आणखी निराळं, १९३८ च्या पद्धतीचं माप आहे. त्यातला १०० म्हणजे आजचे जवळजवळ १८५.

आकडा कुठे कुठे फसतो

पहिली जागा रक्ताची नळी. अमायलेजला काम करायला कॅल्शियम लागतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए नेमकं हेच कॅल्शियम पकडून ठेवतं, निळ्या झाकणाच्या नळीतलं सायट्रेटही तेच करतं. सीबीसीसाठी घेतलेल्या नळीतूनच "अमायलेजपण करून टाका" म्हटलं, तर एन्झाइम असूनही ते सुस्त पडेल आणि आकडा खोटा कमी येईल. म्हणून यासाठी लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी वेगळी भरतात. सुई एकदाच टोचली, मग नळ्या चार का, याचं हेही एक उत्तर.

दुसरी जागा लाळ. लाळेत रक्ताच्या शेकडो पट अमायलेज असतं. पूर्वी तोंडाने ओढायच्या पिपेट होत्या, तेव्हा लाळेचा बारीकसा थेंबही रिपोर्ट बिघडवू शकायचा.

तिसरी जागा जास्त धोक्याची. ट्रायग्लिसराइड खूप वाढल्यानेही पॅन्क्रिअटायटिस होतो. अशा पेशंटचं सीरम ताकासारखं पांढुरकं दिसतं आणि त्यात अमायलेज नॉर्मल येऊ शकतं. म्हणजे आजाराचं कारणच तपासणीच्या आड येतं! अनुभवी टेक्निशियन अशी नळी पाहिली की नमुना पातळ करून पुन्हा लावतो आणि डॉक्टरांना कळवतो.

चौथी गंमत अति झाल्याची. एन्झाइम प्रचंड असेल तर दिलेला पदार्थ वाचन पूर्ण होण्याआधीच संपतो, रंग वाढायचा थांबतो आणि वेग कमी दिसतो. मशीन तशी खूण दाखवतं. मग नमुना, समजा, दहापट पातळ करून पुन्हा चालवायचा आणि उत्तराला १० ने गुणायचं.

आणि कधी आकडा अगदी खरा असतो, पण दोषी स्वादुपिंड नसतं. रक्तातलं अर्ध्याहून जास्त अमायलेज सहसा लाळग्रंथींकडून आलेलं असतं. गालगुंड झाले की ते वाढतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल, आतड्याला छिद्र पडलं असेल, तरी वाढतं. काही निरोगी माणसांत अमायलेज प्रतिपिंडांना चिकटून मोठं होतं, लघवीवाटे बाहेर पडत नाही आणि रक्तात साठून राहतं. अशा माणसाचा आकडा वर्षानुवर्षं वाढलेला, आणि आजार काहीच नाही.

मग रिपोर्ट वाचायचा कसा?

आकड्याशेजारी छापलेली त्या लॅबची स्वतःची मर्यादा आधी बघायची. २०१२ च्या सुधारित अटलांटा निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या तर ॲक्यूट पॅन्क्रिअटायटिस धरतात: ठरावीक प्रकारची पोटदुखी, अमायलेज किंवा लायपेज त्या लॅबच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये दिसणारे बदल. म्हणजे मर्यादा ६० असेल तर १८० च्या पुढे, ३०० असेल तर ९०० च्या पुढे. सुरुवातीच्या उदाहरणात पेशंटच्या लॅबची मर्यादा ६० होती असं धरलं, तर त्याचे २५० चौपटीच्या वर जातात. दादाच्या लॅबची ३०० असेल, तर त्याचे मर्यादेच्या आतच.

उलट बाजूही आहे. लायपेज ३००० आलं म्हणजे आजार ६०० वाल्यापेक्षा पाचपट गंभीर, असं अजिबात नाही. आजार किती गंभीर आहे हे श्वास, रक्तदाब, लघवीचं प्रमाण, मूत्रपिंडाची स्थिती यांवरून ठरतं. वर्षानुवर्षं दारूने स्वादुपिंड झिजलेलं असेल तर सोडायला एन्झाइमच उरलेलं नसतं. अशा माणसाला नव्याने सूज येऊनही आकडा फारसा हलत नाही. त्याच्या बाबतीत डॉक्टर रिपोर्ट बाजूला ठेवून स्कॅनची वाट धरतात, आणि घरचे मात्र "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग स्कॅन कशाला?" म्हणून काउंटरवर वाद घालत उभे असतात.