फॉरमॅट मारण्याआधी

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात संगणक बिघडला की दुकानातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "फॉरमॅट मारावं लागंल." समोरचा माणूस मान डोलावतो, कारण आतलं काय काय जाणार याची यादी त्या क्षणी कुणालाच आठवत नसते. मी उदगिरात बसून लिनक्सवरची जुनी नेटबुकं दुरुस्त करतो. सीमेपलीकडून माझ्याकडे येणारी बरीच माणसं हे वाक्य ऐकून धास्तावलेली असतात. त्यांतला २०२० च्या ऑगस्टमधला एक किस्सा नीट सांगण्याजोगा आहे.

भालकी तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या गुरुजींचा फोन आला. "सर, रात्री अपडेट लावलं अन् सकाळपासनं चालूच होईना गेलंय. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायलेत. दुकानवाला फॉरमॅट म्हणायलाय. तेवढं नका करू."

त्यांच्या आवाजातली काकुळती मला कळत होती. कोरोनामुळे शाळा बंद होत्या. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर पाठ सुरू झाले होते, ते बहुतेक कन्नडमधून. कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकं छापतं, पण नुसतं पुस्तक हातात देऊन पाचवीच्या पोराला अपूर्णांक कसे कळणार? म्हणून गुरुजी रोज रात्री मराठीत स्वाध्याय टाइप करत, झेरॉक्स काढत आणि वाड्यावस्त्यांवर पोचवत. ते सगळं त्या दहा इंची नेटबुकमध्ये होतं. अॅटम एन२७० प्रोसेसर, एक जीबी रॅम. २०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला, तेव्हा त्यावर लिनक्स घातलेलं.

मी भालकीला जाऊ शकत नव्हतो. अंतर फार नाही, पण महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरणाऱ्याला त्या दिवसांत विलगीकरणात बसावं लागत होतं. तेव्हा दुरुस्ती फोनवरच करायची ठरली. हात गुरुजींच्या मुलीचे, पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला होती ती. मी म्हटलं, "बाळ, पडद्यावर जे आहे ते एकेक अक्षर वाच, अंदाजाने वाचू नको." तिने वाचलं : एरर, सिम्बॉल ग्रब कॅलॉक नॉट फाउंड. खाली ग्रब रेस्क्यू, आणि लुकलुकणारी रेघ.

ऐकताच मी निर्धास्त झालो. डिस्क शाबूत होती, फायली शाबूत होत्या. याच ओळीने त्या दिवसांत जगभर कितीतरी यंत्रं अडवली होती.

झालं होतं असं. २९ जुलै २०२० ला एक्लिप्सियम या सुरक्षा कंपनीने ग्रबमधली 'बूटहोल' नावाची फट जाहीर केली. यंत्र चालू होताच लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ग्रब. त्याची सेटिंगची फाइल मुद्दाम बिघडवली तर मेमरीत नको तिथे लिहिलं जाई आणि सिक्युअर बूटचा, म्हणजे यंत्र चालू होताना फक्त खात्रीचेच प्रोग्राम उठू देणारा, पहारा चुकवता येई. सगळ्या मोठ्या लिनक्सवाल्यांनी एकदमच दुरुस्त्या सोडल्या, आणि त्या दुरुस्त्यांनीच यंत्रं आडवी पडली. रेड हॅट आणि सेंटओएसचे कित्येक सर्व्हर अपडेटनंतर उठेनात, तेव्हा दुरुस्तीची दुरुस्ती काढावी लागली. गुरुजींच्या नेटबुकमध्ये सिक्युअर बूट मुळात नव्हतंच. ज्या पहाऱ्यासाठी एवढी धावपळ झाली तो त्यात कधी नव्हता, तरी अपडेट त्यालाही आलं.

तिथला बिघाड मात्र वेगळ्या वाटेने झाला. जुन्या बायोसच्या यंत्रात ग्रब दोन जागी राहतो. त्याचा गाभा डिस्कच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या विभाजनाच्या आधीच्या मोकळ्या जागेत असतो. बाकीचे मॉड्यूल बूट फोल्डरमधल्या फायलींत असतात. अपडेट आलं की दोन्ही बदलायला हवेत. गाभा कोणत्या डिस्कवर लिहायचा, हे सिस्टिमने डिस्कच्या ओळख क्रमांकावरून टिपून ठेवलेलं असतं. गुरुजींची मूळ हार्ड डिस्क आधी कधीतरी काढून तिची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवली होती. नोंद मात्र जुन्याच डिस्कची राहिली. त्यामुळे मॉड्यूल नवे आले आणि गाभा जुनाच उरला : कुलूप बदललं, किल्ली जुनीच. नव्या मॉड्यूलांना 'ग्रब कॅलॉक' नावाचं फंक्शन हवं होतं. मेमरी मागताना गुणाकार हाताबाहेर गेला तर तो पकडण्यासाठी ते याच दुरुस्तीत घातलं होतं. जुन्या गाभ्यात ते कुठून असणार?

नेटबुकला सीडीचं तोंड नसतं. गुरुजींच्या पुतण्याकडे विंडोजचा लॅपटॉप होता. त्याने मोबाइलच्या डेटावर रात्रभर लिनक्सची ३२ बिटची लाइव्ह प्रत, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारी, उतरवून पेनड्राइव्हवर घातली. मी ३२ बिट तीनतीनदा सांगितलं होतं, कारण एन२७० ला ६४ बिटची प्रत चालत नाही आणि नेमकी तीच आधी हाताला लागते. दुसऱ्या दिवशी लाइव्ह लिनक्स उठलं. गुरुजींना आधी त्यांचा फोल्डर उघडून दाखवायला लावला आणि स्वाध्याय दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. पुढचं काम त्यानंतरच.

खरी जोखीम पुढे होती. नेटबुकची डिस्क आणि पेनड्राइव्ह दोन्ही यादीत शेजारी दिसतात, एसडीए आणि एसडीबी. नावावर विश्वास ठेवायचा नाही, आकार बघायचा. मुलीने आकार वाचून दाखवले, मी वहीत लिहिले, तिने पुन्हा वाचले. मग डिस्कवरची सिस्टिम माउंट केली, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर तिच्यात जोडले, आणि सीएचरूट या आज्ञेने थेट त्या झोपलेल्या सिस्टिमच्या आत शिरलो. "आता ग्रब-इन्स्टॉल, मग एसडीए. पुढे १ लिहायचा नाही." विभाजनावर नाही, अख्ख्या डिस्कवर लिहायचं असतं. कुठली चूक नाही असं उत्तर आलं. नंतर ग्रबचं पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून योग्य डिस्कसमोर खूण करायला लावली. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि पुढच्या अपडेटला त्याच खड्ड्यात पडतात.

बाकीच्या तक्रारी यामानाने सोप्या असतात, पण त्यांवरही फॉरमॅटचा शिक्का बसतोच. कलबुर्गीहून एकाने "अपडेटच खराब आहे" म्हणून यंत्र पाठवलं. बघतो तर घड्याळाची गोल बॅटरी संपलेली आणि तारीख २००९ सालची. यंत्राच्या लेखी अपडेटची यादी भविष्यातली होती, म्हणून ते ती नाकारत होतं. सीआर२०३२ बॅटरी घातली, काम झालं. नवा कर्नल आला की काही नेटबुकांचं वायफाय गायब होतं, कारण त्या चिपचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेलेला नसतो. ग्रबच्या यादीत जुना कर्नल शिल्लक असतो, तो निवडायचा किंवा फोनचं इंटरनेट केबलने जोडून ड्रायव्हर बांधून घ्यायचा. आणि उन्हाळ्यात तर नेहमीचंच : बॅटरी मेलेली, अपडेट अर्ध्यावर आणि लाइट गेली. तिथे पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामला अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करायला सांगितलं की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. हे सगळं पडद्यावर लिहिलेलं असतं. इंग्रजी आहे म्हणून कुणी वाचत नाही, आणि न वाचता पुसून टाकण्याचा मला मनापासून राग येतो.

गुरुजींच्या नेटबुकवर पुढे डेबियन १२ हे लिनक्स घातलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आलं आणि ३२ बिटच्या यंत्रांसाठी कर्नल व इन्स्टॉलर देणं बंद झालं. अपडेट कुठून घ्यायचं त्या फाइलीत 'स्टेबल' असं मोघम लिहिलेलं असेल तर अशी यंत्रं १३ कडे वळतात आणि अडकतात. तिथे 'बुकवर्म' हे १२ चं नाव लिहून ठेवावं लागतं. हे सांगायला मी भालकीला फोन केला. मुलीने ती ओळ आधीच बदलली होती, औरादला तिच्या मामाच्या यंत्रातसुद्धा.