खाकी शब्द आणि रणगाड्याचा रंग

कोल्हापुरात पोलिसाचा गणवेश खाकी, टपालाचे पाकीट खाकी आणि दप्तराचा पुठ्ठाही खाकीच. तिन्ही शेजारी ठेवले तर एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. तरीही व्यवहार अडत नाही. महायुद्धातील रणगाडा मूळ रंगात रंगवावयाचा झाला, म्हणजे मात्र हे नामसैल्य महागात पडते.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे आहेत. अशा यंत्रांच्या रंगासाठी तत्कालीन आदेश पाहावेत, तर हाती लागतात ती केवळ नावे व क्रमांक. उदाहरणार्थ, युद्धारंभीचा ‘खाकी ग्रीन क्र. ३’. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. मराठीत ‘जळून खाक’ झालेल्या वस्तूची राख उरते, आणि अंगाला राख फासणारे बैरागीही खाकीच. इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानातील पलटणींतून उचलला आणि अखेर हिरव्या रंगाला जोडला. धूळ, राख आणि हिरवळ यांना एका शब्दाने सांधणारी व्युत्पत्ती रंगाऱ्याच्या कामाची नव्हे.

याहून बोलके उदाहरण १९४० च्या सुमारास ईजिप्तच्या वाळवंटात आलेल्या, ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिरंगी योजनेचे. तीतील ‘सिल्व्हर ग्रे’ पुढे कित्येक वर्षे संग्रहालयांत व चित्रांत फिकट निळा म्हणून रंगविला गेला. जुन्या नमुन्यांशी ताडल्यावर तो हिरवट करडा ठरला. नावात निळा नव्हताच. पण हिरवाही नव्हता!

तेव्हा साक्ष धातूवरच शोधावी लागते. बोल्टाखाली किंवा पाटीमागे, जेथे ऊन पोहोचले नाही, तेथे बारीक पॉलिशपेपरने घासत गेल्यास एकावर एक चढलेले थर वलयांसारखे उघडे पडतात. तीही साक्ष निर्दोष नसते, कारण जवसाच्या तेलात कालवलेला रंग अंधारात पिवळट होतो. तो काही दिवस प्रकाशात ठेवून मगच मन्सेलच्या पद्धतीने वर्ण, उजळपणा व तीव्रता अशा तीन मापांनी नोंदविणे बरे.

शिवाय ‘मूळ रंग’ कोणत्या वर्षाचा, हेही ठरवावे लागते. क्रोमच्या हिरव्या रंगद्रव्याची टंचाई पडल्यामुळे १९४२ च्या सुमारास ब्रिटनमधील वाहनांवर तपकिरी रंग आला. १९४४ मध्ये त्याची जागा ‘ऑलिव्ह ड्रॅब’ने घेतली. वलयात तपकिरीवर हिरवट थर दिसला, तर वरचा थर नंतरचा एवढेच कळते. तो कारखान्यात चढला की छावणीत, हे त्या यंत्राच्या दप्तरावरून ताडावे लागते. घासलेले वलय मात्र नव्या रंगाने बुजवू नये. पाटीमागे ते तसेच राखावे.