सिंगल हँड, चार मालक!

मे महिना आला की होस्टेलच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘बाईक विकणे आहे. सिंगल हँड. एक रुपयाचं काम नाही. सिरियस असाल तरच फोन करा.’ सोबत धुऊन-पुसून चकाचक केलेल्या गाडीचे चार फोटो. फायनल इयरवाले निघालेले असतात, त्यांना गाडी काढायची असते. तुम्हाला हवी असते. घरून ‘तीस-पस्तीस हजारांत बसत असेल तर बघ’ असा होकारही मिळालेला असतो. मग काय, संध्याकाळी जायचं, एक चक्कर मारायची, पैसे टाकायचे आणि डबलसीट परत यायचं!

थांबा जरा. पैसे घरच्यांचे असोत की पार्टटाइम जॉब करून साठवलेले, ते एकदाच जाणार आहेत. पहिल्यांदा गाडी बघायला जाताना टोकनचं नावही काढायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा.

गाडी गार असताना जा

सकाळी जा आणि फोनवरच सांगा, ‘मी येईपर्यंत स्टार्ट करू नकोस.’ पोहोचल्यावर इंजिनजवळ हात नेऊन बघा. ते आधीच गरम असेल तर गाडी सकाळी सहज स्टार्ट होत नसावी, अशी शंका घ्यायला जागा आहे. गार इंजिन स्टार्ट करा आणि सायलेन्सरकडे बघा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जळतंय. म्हणजे इंजिन उघडावं लागणार, आणि तो खर्च ‘एक रुपयाचं काम नाही’मध्ये बसत नाही.

मीटरवर डोळे झाकून विश्वास नको

पाच वर्षांची गाडी आणि रनिंग १२ हजार? म्हणजे वर्षाला २,४०० किलोमीटर, दिवसाला जेमतेम साडेसहा. रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलाची गाडी एवढीच फिरली असेल का? असेलही. पण मग गिअरच्या पेडलचं रबर, फुटरेस्ट, हँडलच्या ग्रिप्स गुळगुळीत झालेल्या नसायला हव्यात. मीटर फिरवता येतो, झिजलेलं रबर लपवणं अवघड.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालातल्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी नवी आणि टायर जुना निघाला, तर का ते विचारा. टायर गोटा झाले असतील, तर नव्या जोडीचा खर्च किमतीतून वजा करा.

मग गाडीच्या मागे थोडं लांब उभं राहून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का? आरशांच्या कडा, ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं, सायलेन्सरची बाजू खरचटलेली आहे का? गाडी एकदा पडली म्हणून बाद होत नाही. पण चासी वाकली असेल, तर ती गाडी नकोच. पुढच्या शॉकअपवर ऑइल ओघळलेलं असेल, तर सील गेलंय.

आणखी एक. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुरात बुडालेली गाडी वरून धुतली जाते, पण सीटखाली, हेडलाइटच्या आत आणि वायरिंगच्या जोडांत गाळ आणि गंज राहतो. म्हणून सीट उघडून टॉर्च मारा.

चक्कर मारायची, पण अशी

आधी लायसन्स, हेल्मेट आणि गाडीचा विमा चालू असल्याची खात्री. कॅम्पसमध्ये दोन मिनिटं फिरवून काही कळत नाही. विकणाऱ्याला सांगून पंधरा मिनिटं घ्या. त्याला भरवसा वाटावा म्हणून मित्राला त्याच्याजवळ थांबवा. रस्ता असा निवडा की चढ, स्पीडब्रेकर आणि थोडा मोकळा सरळ पट्टा, तिन्ही मिळतील.

सगळे गिअर टाका. गिअर आपोआप सुटतोय का? वरच्या गिअरमध्ये चढावर रेस दिली, इंजिनचा आवाज वाढला पण गाडीला पिकअप मिळाला नाही, तर क्लचप्लेट संपल्यात. सरळ पट्ट्यावर हँडलवरची पकड किंचित सैल करा, पण हात सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा. खड्ड्यात ‘खडाक’ आवाज येतोय का, तेही ऐका.

परत आलात की गाडी बंद करा, पाच मिनिटं गप्पा मारा, पुन्हा स्टार्ट करा. काही गाड्या गार असताना शहाण्यासारख्या वागतात आणि गरम झाल्या की रुसतात. निघताना गाडीखाली ऑइलचे थेंब पडलेत का, तेवढं बघा.

हे सगळं करूनही खात्री वाटत नसेल, तर ओळखीच्या मेकॅनिकला शंभर-दोनशे रुपये देऊन गाडी दाखवा. विकणारा ‘मेकॅनिक कशाला, भरवसा नाही का?’ म्हणाला, तर तेच तुमचं उत्तर समजा.

आता खरी परीक्षा: आरसी

कॉलेजच्या गाड्यांची एक गंमत असते. पहिल्या मालकाने ती ज्युनिअरला दिली, त्याने रूममेटला, रूममेटने आणखी कुणाला. नावावर करायचा कंटाळा सगळ्यांनाच. म्हणून आरसीवर आजही ‘सिंगल ओनर’, आणि तुम्ही चौथे!

यात अडकतात दोघंही. कायद्यानुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात सांगितलं. त्या खटल्यातली गाडी पुढे तीन-चार हातांत गेली होती, तरी नुकसानभरपाईची जबाबदारी आली ती आरसीवर नाव असलेल्या माणसावर. म्हणजे उद्या गाडी विकणारे तुम्ही असाल, तर पैसे मिळाले म्हणून सुटलात असं नाही.

घेणाऱ्याचंही तेच. गाडी नावावर नाही, तर विमाही तुमचा नाही. गाडी विकत घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करायचा असतो. ते राहिलं आणि गाडी चोरीला गेली किंवा ठोकली, तर तुमच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

म्हणून पैसे देण्याआधी एवढं कराच. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. विमा कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्ज आहे का, ते दिसतं. कर्ज फिटलं असेल, तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. ई-चलन किती थकलंय ते बघा आणि ते विकणाऱ्यालाच भरायला लावा. चासी नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा, बहुतेक बाईक्सवर तो हँडलखाली कोरलेला असतो. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा, स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते.

फॉर्म २९ आणि ३० वर सही आरसीवर नाव असलेल्या माणसाचीच हवी. तो आता बंगळुरूला असेल, फोन उचलत नसेल आणि रूममेट ‘होऊन जाईल रे’ म्हणत असेल, तर गाडी कितीही आवडली तरी नमस्कार करून परत या. पैसे मूळ मालकाच्या खात्यावरच पाठवा. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ टाकून दोघांच्या सहीचा कागद करा. त्या वेळेआधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं.

आणि हो, होस्टेलवर पेढे तर वाटावेच लागतील. पण चावी मिळाली त्या दिवशी नको. तुमच्या नावाची आरसी येईल, त्या दिवशी वाटा.