जुनी फाइल बरोबर न्या

सत्तरी ओलांडलेल्या आईचा कॅन्सर काही वर्षांनी परत आला की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘या वयात पुन्हा केमो झेपेल का?’ डॉक्टर मात्र आधी जुनी फाइल मागतात. मागच्या खेपेला कोणतं औषध, किती मात्रेत, किती सायकल दिलं, हा हिशेब तिच्यात असतो.

तो हिशेब का लागतो? डॉक्सोरुबिसिन, म्हणजे पेशंट ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते, हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ही इजा साठत जाते. शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे आयुष्यभरात मिळून 450 ते 550 मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. पहिल्या वेळी त्यातला मोठा वाटा वापरला गेला असेल, तर दहा वर्षांनीही तो भरून येत नाही. फाइल हरवली असेल तर जुन्या रुग्णालयातून डिस्चार्ज कार्डाची प्रत मिळवाच.

तारखाही महत्त्वाच्या. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये कार्बोप्लॅटिनचा शेवटचा डोस आणि आजार उलटणं यांत सहा महिन्यांहून जास्त अंतर असेल, तर त्याच गटातलं औषध पुन्हा लागू पडण्याची शक्यता चांगली असते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीचा स्वभाव बदललेला असू शकतो, म्हणून शक्य तिथे बायोप्सी पुन्हा करतात.

मग येतं आजचं शरीर. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. स्नायू झडलेल्या वृद्धाचा रिपोर्ट त्यामुळे ‘नॉर्मल’ येतो आणि थकलेलं मूत्रपिंड झाकलं जातं. वय आणि वजन धरून वेगळं गणित करावं लागतं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसायला किती सेकंद लागतात, वजन किती उतरलं, वर्षभरात आई कितीदा पडली, रोजच्या गोळ्या किती, हेही पाहतात. परळच्या टाटा रुग्णालयात ज्येष्ठांची अशी तपासणी होते. ती वेळखाऊ वाटली तरी टाळू नये. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सत्तरीपुढच्या, बळावलेला कॅन्सर असलेल्या 718 रुग्णांची अशी तपासणी झाली. तिचा अहवाल ज्यांच्या डॉक्टरांच्या हाती होता, त्या रुग्णांपैकी 51 टक्क्यांना उपचाराचे गंभीर त्रास झाले. इतरांमध्ये हे प्रमाण 71 टक्के होतं. पहिल्या गटात अनेकांना सुरुवातीचा डोस कमी दिला गेला होता, तरी सहा महिन्यांच्या जगण्यात ठळक फरक पडला नाही.

केमो सुरू झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा 100.4 ताप आला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.

आणि एक विनंती. आपल्याकडे डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून सगळं सांगतात. ते बोलणं आईसमोर होऊ द्या. या उपचाराने आजार जाणार आहे की फक्त आवरणार आहे, हे तिला कळू द्या आणि मग तिला काय हवंय ते विचारा. तिने ‘नको’ म्हटलं, तर तेही ऐका. दुखणं, धाप, मळमळ यांवरचे उपचार त्यानंतरही चालूच राहतात.