कापसाची खंडी, पौंड आणि क्विंटल

कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हल्लीं एकाच पिकाचे तीन भाव ऐकूं येतात. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत रुईचा भाव दर पौंडास अमुक सेंट असा बोलला जातो; आपल्याकडील रुईचे व्यापारी तो दर खंडीस अमुक रुपये असा सांगतात; आणि बाजारसमितीच्या आवारांत कापसाचा लिलाव दर क्विंटलास होतो. या तिहींचा मेळ घालतां न आल्यामुळें कोणी विनाकारण माल घरांत अडवून धरतो, तर कोणी घाईनें विकून मोकळा होतो. वस्तुतः यांत त्रैराशिकापलीकडचें कांहीं नाहीं. म्हणून तो हिशेब येथें क्रमानें मांडीत आहों.

प्रथम मूळ मान पाहूं. पौंड हें इंग्रजी वजन. सहा इंग्रजीभाषी देशांनीं १९५९ सालीं त्याचें मान ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असें कायम केलें. त्यावरून एक किलो म्हणजे २.२०४६ पौंड, आणि शंभर किलोंचा क्विंटल म्हणजे सुमारें २२०.४६ पौंड.

खंडीचा प्रकार निराळा आहे. खंडी हें सर्व मालास एकच वजन कधींच नव्हतें. प्रांत बदलला, माल बदलला, कीं खंडीही बदले. मुंबईच्या रुईच्या व्यापारांत मात्र ती ७८४ पौंडांची ठरून गेली. ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटाचीं हीं बरोबर सात वजनें होत. ७८४ पौंडांचे ३५५.६२ किलो होतात. व्यापारांत ते ३५६ धरितात. मेट्रिक वजनांचा कायदा १९५६ सालीं झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून तीं वजनें चालूं लागलीं आणि १९६२ च्या एप्रिलपासून देशभर सक्तीचीं झालीं. तरी रुईच्या भावांत खंडी टिकून राहिली आहे.

खंडी आणि मण यांचा घोटाळा करूं नये. घरच्या जुन्या वह्यांत मण आढळतो. १९३९ च्या कायद्यानें ठरलेला मण ८० तोळ्यांच्या शेराचे ४० शेर, म्हणजे ८२ पूर्णांक २/७ पौंड अथवा ३७.३२ किलो होता. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचाच असे. वहींत कोणता मण लिहिला आहे, हें समजल्यावांचून आजोबांच्या वेळचें उत्पन्न आजच्या उत्पन्नाशीं ताडून पाहूं नये.

आतां उदाहरण घेऊं. हिशेबाच्या सोयीकरितां न्यूयॉर्कचा भाव पौंडास ८० सेंट आणि डॉलरची किंमत ८५ रुपये मानूं. ८० ला ७८४ नें गुणिलें असतां ६२,७२० सेंट, म्हणजे ६२७.२० डॉलर येतात. यांस ८५ नें गुणिलें कीं खंडीचा भाव ५३,३१२ रुपये निघतो. त्यास ३५५.६२ नें भागिलें म्हणजे किलोस सुमारें १४९.९० रुपये, अर्थात् क्विंटलास १४,९९० रुपये होतात.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. हा भाव रुईचा आहे, सरकीसह कापसाचा नव्हे. एक क्विंटल कापसांतून ३४ किलो रुई निघते असें धरल्यास तिची किंमत सुमारें ५,०९७ रुपये होते. उरलेल्यापैकीं २ किलो घट वजा जातां ६४ किलो सरकी राहते. ती किलोस ३० रुपये मानल्यास १,९२० रुपये येतात. एकूण ७,०१७. यांतून जिनाची मजुरी, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करावयाचा असतो. म्हणून चौदा हजारांचा आंकडा ऐकून सात हजारांच्या बोलीस लूट म्हणणें जितकें चूक, तितकेंच उताऱ्याची चौकशी न करितां माल देणेंही चूक. वरील भावानें उताऱ्यांत एका किलोचा फरक पडला, तर क्विंटलामागें सुमारें १२० रुपयांचा फरक पडतो. कारण एक किलो रुई वाढली कीं एक किलो सरकी कमी होते.

तोंडी हिशेबास एक सोपी रीत आहे. पौंडांचे किलो करावयाचे तर निम्मे करावे व त्या निम्म्याचा दहावा भाग वजा करावा. शंभर पौंडांचे या रीतीनें ४५ किलो येतात, खरे ४५.३६ होतात. परंतु ही रीत अंदाजापुरतीच वापरावी. तिनें खंडीचे ३५२.८ किलो येतात, म्हणजे पावणेतीन किलोंहून अधिक रुई कमी पडते, आणि वरील भावानें खंडीमागें चारशें रुपयांहून अधिक बुडतात. पैसे मोजतांना पूर्ण आंकडाच घ्यावा.

गांठींच्या आंकड्यांतही असाच भेद आहे. आपल्याकडील गांठ १७० किलोंची मोजितात, अमेरिकेंतील ४८० पौंडांची, म्हणजे सुमारें २१८ किलोंची. तेथील शंभर गांठी म्हणजे येथील १२८. टन तर तीन प्रकारचा आहे: इंग्रजी २,२४० पौंडांचा (१,०१६ किलो), अमेरिकन २,००० पौंडांचा (९०७ किलो) आणि मेट्रिक १,००० किलोंचा.

उत्पन्नाची तुलना करितांना क्षेत्राचें मानही बदलावें लागतें. एक हेक्टर म्हणजे सुमारें २.४७ एकर. हेक्टरी ५०० किलो रुई म्हणजे एकरी सुमारें २०२ किलो, अथवा ४४६ पौंड. खताची किंवा औषधाची मात्रा हेक्टरी सांगितली असतां ती एकरास जशीच्या तशी घातली, तर गरजेच्या सुमारें अडीच पट माल पडून जास्तीचा वायां जातो व पिकासही अपाय होण्याचा संभव असतो.

तात्पर्य, आंकडा ऐकतांच तीन प्रश्न विचारावे: वजन कोणतें, माल रुई कीं कापूस, आणि क्षेत्र एकर कीं हेक्टर. खंडीस ३५५.६२ किलो, पौंडास ०.४५३६ किलो आणि हेक्टरास २.४७ एकर हे तीन आंकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविल्यास शेतकरी बंधूंस भावाकरितां दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण पडणार नाहीं.