सहकारी बालवाडी आणि पालकांचा वाटा

पहिली-दुसरीच्या वर्गात हजेरी घेताना काही मुलींच्या नावापुढे वारंवार गैरहजेरीची खूण करावी लागते, हा ग्रामीण शिक्षकांच्या परिचयाचा अनुभव आहे. चौकशी केल्यास पुष्कळदा असे आढळते की, आई कामावर गेलेली आहे आणि धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहिली आहे. यास्तव शाळेचे वय न झालेल्या बालकाची सोय हा प्राथमिक शाळेचाही प्रश्न ठरतो. पालकांना एकत्र येऊन ही सोय कशी करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सहकाराचे तत्त्व आपल्या खेड्यांना नवे नाही. दूध सोसायटीत दूध घालणारा शेतकरीच सोसायटीचा सभासद असतो व तिच्या कारभारात त्यास मत असते. सहकारी बालवाडीत हेच तत्त्व लागू केलेले असते. ज्यांची मुले बालवाडीत येतात तेच पालक ती चालवितात. पैशाची वर्गणी थोडी असली तरी श्रमाचा वाटा प्रत्येकाने उचलावयाचा असतो आणि निर्णय सर्वांनी मिळून घ्यावयाचे असतात.

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण न्यूझीलंड देशात पाहावयास मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील अनेक पुरुष आघाडीवर गेले होते आणि लहान मुलांच्या माता घरी एकट्या पडल्या होत्या. १९४१ साली वेलिंग्टन शहराच्या करोरी या भागात काही मातांनी पहिले ‘प्लेसेंटर’, म्हणजे क्रीडाकेंद्र, सुरू केले. पुढे १९४८ साली अशा केंद्रांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला व ग्वेन सॉमरसेट या त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या केंद्रांत माता पाळीपाळीने मुलांसमवेत राहत. ज्यांची पाळी नसे त्यांना तेवढा वेळ विसावा मिळे. परंतु केवळ राखण करणे एवढाच पाळीचा हेतू नव्हता. मुले वाळू, पाणी, माती, रंग व ठोकळे घेऊन कशी खेळतात आणि त्यातून काय शिकतात, हे पाहण्यास पालकांना शिकविले जाई. त्यासाठी पालकांचे वर्ग भरत आणि त्यांतूनच केंद्र सांभाळणाऱ्या कार्यकर्त्या तयार होत. मूल खेळे आणि त्याबरोबर पालकही शिके, हे या चळवळीचे मर्म होय. ही केंद्रे आजही चालू आहेत. मात्र नोकरी करणाऱ्या मातांची संख्या वाढली, तसतसे दिवसा पाळी देणे अनेक कुटुंबांस कठीण झाले.

ही अडचण आपल्याकडील मजूर मातेस तर पहिल्या दिवसापासूनच भेडसावते. रोज बुडवून पाळी देणे तिला परवडणारे नाही. या बाबतीत बोर्डीच्या प्रयोगाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी या गावी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसून आल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, घराच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम हाच होय. दगड, पाने, बिया, शिंपले हीच तेथील साधने होती. १९५७ पासून हे कार्य कोसबाड येथे चालले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची सांगड घालण्यात आली, म्हणजे धाकट्याची सोय झाल्याने थोरल्या बहिणीची शाळेची वाट मोकळी झाली. अंगणात भरणारी शाळा आईच्या व आजीच्या डोळ्यांसमोर भरते, त्यामुळे त्यांचा सहभाग आपोआपच सुरू होतो.

या दोन्ही उदाहरणांवरून आपल्या गावी काय करता येईल? प्रथम, पालकांची सभा शाळेत न बोलाविता वस्तीवर, दिवस मावळल्यानंतर घ्यावी. अंगणवाडी सेविकेस सोबत घ्यावे. दुसरे असे की, कामांची वाटणी प्रत्येकाच्या सवडीनुसार करावी. सकाळी मुलांना गोळा करून आणणे, हातपाय धुण्यास मदत करणे ही रोजची थोड्या वेळाची कामे होत. गोष्ट सांगण्याचे काम आजी-आजोबांनी घ्यावे. सुताराने लाकडाचे ठोकळे द्यावेत, कुंभाराने माती मळून द्यावी, शिंप्याने चिंध्यांच्या बाहुल्या शिवाव्यात. कुंपण नीट करणे, पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारणे ही वर्षातून एकदा करावयाची कामे वडिलांकडे द्यावीत. पेरणी व सुगीच्या दिवसांत मजूर मातांना पाळीतून मोकळे ठेवावे. पिण्याचे पाणी भरण्याची पाळी मात्र सर्व वस्त्यांतील घरांकडे क्रमाने यावी. एकमेकांच्या हातचे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांस समतेचा वेगळा पाठ द्यावा लागत नाही.

पाळीवर येणाऱ्या पालकास काही गोष्टी आधी समजावून सांगाव्यात. मुलास मारू नये व भीती घालू नये. त्याचे चित्र आपण पुरे करून देऊ नये. दोन मुलांची तुलना करू नये. स्वतःचे मूल पदरास धरून राहत असल्यास त्यास रागावू नये, काही दिवसांत ते आपण होऊन खेळावयास जाते. महिन्यातून एकदा सभा भरवून जमाखर्च वाचून दाखवावा आणि पुढील महिन्याची पाळी सर्वांसमक्ष ठरवावी. जी माता सभेत बोलत नाही तिला नाव घेऊन विचारावे.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण या सेवा मुलांना पुरविण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली आहे. पालकांच्या श्रमाने रिकाम्या जागा भरून काढणे वा मिळावयाचा आहार विसरून जाणे उचित नव्हे. उलट, जागरूक पालक या सेवांची मागणी अधिक नेटाने करू शकतात. तसेच पाळी चुकली म्हणून कोणत्याही मुलास परत पाठवू नये. ज्याची आई येऊ शकत नाही, त्यालाच बालवाडीची गरज सर्वांत अधिक असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. म्हणजे अंगणवाडीतील बालक हे आपल्याच शाळेचे भावी विद्यार्थी नसून आजच आपल्या टप्प्यातील विद्यार्थी आहे. शिक्षकांनी प्रारंभी एकच वस्ती निवडावी, तीन-चार घरांस भेटी द्याव्यात आणि झेपतील एवढीच कामे वाटून द्यावीत. नंतर काही महिन्यांनी पहिलीचे हजेरीपत्रक उघडून त्या मुलींच्या नावापुढील खुणा पाहाव्यात. प्रयत्न कितपत साधला, ते तेथेच कळून येईल.